केक दर वेळी मधोमध बसतो? वाटी मोजून बघा

ओव्हनच्या काचेतून बघावं तर केक टम्म फुगलेला, टोपीसारखा वर आलेला. बाहेर काढून ओट्यावर ठेवला की पाच मिनिटांत मधला भाग हळूहळू खाली जायला लागतो. दहाव्या मिनिटाला कडा उंच आणि मध्ये खोलगट परात. आमच्याकडे पोरांनी त्याचं नाव ‘लोणार’ ठेवलं होतं. खड्ड्यात क्रीम भरून, वर चेरी लावून दोन वाढदिवस मी निभावून नेले. पण क्रीमखाली काय आहे ते सुरी घातली की सगळ्यांना दिसतंच.

एकदा झालं असतं तर सोडून दिलं असतं. दोन वर्षांत अकरा केक केले आणि त्यातले आठ बसले. आकडा नेमका सांगू शकते, कारण सहाव्या केकपासून मी वहीच्या समासात पेन्सिलीनं नोंदी करायला लागले होते: तारीख, काय बदललं, काय झालं. मूळ कारण सापडलं ते त्या समासामुळेच. तुमचाही केक असाच बसत असेल तर माझ्या चुकांचा क्रम वाचून तुमचे चार-पाच केक वाचतील.

केक आईच्या वहीतला. साधाच, चार अंड्यांचा. ते पान तुपानं जवळजवळ पारदर्शक झालंय. त्यावर एवढंच लिहिलंय: मैदा २ वाट्या, पिठीसाखर २ वाट्या, लोणी १ वाटी, अंडी ४, बेकिंग पावडर २ चहाचे चमचे, व्हॅनिला. ओव्हन तापवून ४० मि. ना तापमान, ना भांड्याचा आकार. आईचा ओव्हन म्हणजे तो गोल, अ‍ॅल्युमिनियमचा, झाकणाला काचेचा डोळा असलेला. त्यात तापमानाचा खटका नसायचाच. लावला की तापणार, काढला की गार होणार. त्यात हा केक वर्षानुवर्षं न बसता झाला. म्हणजे पाककृती बरोबर आहे, चूक माझ्याकडेच आहे, असं मी धरून चालले. ते निम्मंच खरं निघालं.

पहिला संशय बेकिंग पावडरवर, आणि तिथेच घोळ

केक बसला की कुणीही आधी बेकिंग पावडरकडे बोट दाखवतं. तपासायला सोपं आहे. अर्धा कप गरम पाण्यात एक चहाचा चमचा पावडर टाका. सरसरून फेस आला तर ती जिवंत आहे. नुसतेच चार बुडबुडे आले तर फेकून द्या. खायचा सोडा तपासायचा असेल तर त्यावर लिंबू पिळा, कारण गरम पाण्यानं त्याचा नीट अंदाज येत नाही.

माझी पावडर ठणठणीत होती. तरी मी नवीन डबी आणली आणि ‘जरा जास्त फुगू दे’ म्हणून दोनऐवजी अडीच चमचे घातली. केक आणखी वर गेला आणि आणखी खोल बसला. ही चूक सगळे करतात म्हणून थोडं थांबून सांगते.

केकला उष्णता कडेकडून आत मिळते. कडा आधी शिजतात, मधला भाग सगळ्यात शेवटी. पावडरीतून सुटणाऱ्या वायूचे बुडबुडे तोवर पीठ वर ढकलत असतात. अंडी आणि मैद्यातला स्टार्च शिजून घट्ट झाले की बुडबुड्यांभोवतीच्या भिंती उभ्या राहतात आणि केकला आकार मिळतो. पावडर जास्त झाली तर बुडबुडे मोठे होतात, एकमेकांत मिसळतात, भिंती पातळ होतात, आणि मधलं पीठ शिजायच्या आधीच फुटतात. वायू गेला की छप्पर खाली. म्हणून बसलेल्या केकला पावडर वाढवणं म्हणजे पोट बिघडलंय म्हणून आणखी दोन पुऱ्या वाढण्यासारखं आहे.

ढोबळ प्रमाण ध्यानात ठेवा: १२५ ग्रॅम मैद्याला सपाट एक ते सव्वा चहाचा चमचा. चमचा म्हणजे ५ मिलीचा. घरातले चहाचे चमचे यात भरवशाचे नाहीत. माझ्याकडचे चार मोजले, साडेतीन मिलीपासून सात मिलीपर्यंत निघाले. त्यात कुणी शिगोशीग भरला की झालंच. मापाच्या चमच्यांचा संच शंभर-दीडशे रुपयांत मिळतो, तो आणा. आणि एखाद्या पाककृतीत पावडरीऐवजी सोडा असेल तर चमच्याला चमचा बदलू नका, कारण सोडा पावडरीच्या तिपटी-चौपटीनं जोरकस असतो.

खड्डा नीट वाचा

मी हे फार उशिरा केलं. बसलेला केक लाजून लपवू नका. गार झाल्यावर मधोमध उभा कापा आणि उजेडात धरून बघा.

खड्ड्याखाली ओलसर, चिकट, काळपट पट्टी दिसली तर केक कच्चा आहे. ओव्हन कमी तापला, वेळ कमी पडला, किंवा भांडं लहान असल्यानं थर जाड झाला. असा केक बहुधा बाहेर काढल्यावर बसतो.

आतून पूर्ण शिजलाय, पण जाळी भरड आहे, मोठी मोठी भोकं आहेत आणि जिभेवर साबणासारखी किंवा कडवट चव रेंगाळते, तर पावडर किंवा सोडा जास्त झाला. असा केक बऱ्याचदा ओव्हनमध्येच, विसाव्या-पंचविसाव्या मिनिटाला बसताना दिसतो.

वरचा पापुद्रा चकचकीत, कुरकुरीत आणि खालचा भाग गोडमिट्ट, चिकट असेल तर साखर जास्त झाली. साखर जितकी जास्त तितकं पीठ उशिरा, जास्त तापमानाला घट्ट होतं. यातली नेहमीची चूक म्हणजे पिठीसाखरेच्या जागी तेवढ्याच मापानं दाणेदार साखर घालणं. २४० मिलीच्या कपात पिठीसाखर साधारण १२० ग्रॅम मावते आणि दाणेदार साखर २००. कप एकच, पण साखर जवळजवळ पावणेदोन पट. वहीत ‘साखर’ म्हणजे कुठली, हे आईला किंवा आजीला विचारून लिहून ठेवा. त्यांच्या लेखी ते इतकं उघड असतं की वहीत येतच नाही.

तळाशी गिच्च, रबरासारखा थर असेल तर एकूण ओलावा जास्त झालाय किंवा अंडी घालताना मिश्रण फाटलंय. अंडी फ्रीजमधून काढून थेट घातली की लोणी थिजतं आणि मिश्रण फुटल्यासारखं दिसतं.

माझ्या केकमध्ये दोन खुणा एकत्र होत्या: ओलसर पट्टी आणि भरड जाळी. एका रोगाची दोन लक्षणं असतील असं मी समजत होते. रोगच दोन निघाले.

ओव्हन खोटं बोलतो

ओव्हनमध्ये ठेवायचा साधा थर्मामीटर आणला. खटका १८० वर, दिवा विझलेला, म्हणजे ओव्हन तापला असं तो सांगतोय. आत थर्मामीटर म्हणतोय १५५. दहा मिनिटांनी १६५, आणि त्याच्यावर जाईना. खटका २०० वर नेला तेव्हा कुठे आत १८० झाले. घरगुती ओटीजीत (ओट्यावर ठेवायच्या विजेच्या छोट्या ओव्हनमध्ये) वीस-पंचवीस अंशांचा फरक असणं काही नवल नाही, प्रत्येकाची खोड निराळी. ती एकदा ओळखून खटक्याशेजारी चिकटपट्टीवर लिहून ठेवली की कायमची कटकट जाते.

दिवा विझल्या विझल्या केक आत ढकलू नका. हवा तापलेली असते, पत्रा अजून तापायचा असतो. दिवा पहिल्यांदा विझल्यावर आणखी दहा मिनिटं थांबा. नाहीतर दार उघडताच गरम हवा बाहेर पडते आणि पुन्हा पहिल्यापासून.

जुना गोल ओव्हन अजून कुणी वापरत असेल तर विजेच्या दाबाकडे लक्ष ठेवा. तारेतून मिळणारी उष्णता दाबाच्या वर्गाच्या (दाब गुणिले दाब) प्रमाणात बदलते. २३० ऐवजी २०० व्होल्ट आले तर उष्णता जवळजवळ चौथ्या हिश्श्यानं कमी होते. संध्याकाळी सातला केलेला आणि दुपारी तीनला केलेला केक वेगळा का होतो, त्याचं हे एक कारण. ओटीजीत खटका असल्यानं तो जास्त वेळ चालू राहून भरपाई करतो. गुरुवारी पुण्यात केक करायला घेऊ नये हे माझं वैयक्तिक मत आहे. दुरुस्तीसाठी वीज कधी जाईल याचा नेम नाही, आणि अर्धा शिजलेला केक कुणाची वाट बघत नाही.

दार मध्येच उघडणं हा गुन्हा आहेच, पण त्याला उगाच जास्त दोष देतात. ठरलेल्या वेळेचा तीन-चतुर्थांश भाग झाल्यावर उघडलं तर काही होत नाही. त्याआधी मात्र नको. आईच्या ओव्हनला वर काच होती, म्हणून आम्ही सगळे डोळे लावून बसायचो आणि झाकणाला हात लावायची गरजच पडायची नाही.

शिजला की नाही हे बघायला काडी घालतात, पण बसक्या केकमध्ये काडी फसवते. खड्ड्याच्या कडेला घातली तर कोरडी येते. अगदी मध्यात घाला. टोक खुपसायचा थर्मामीटर असेल तर मध्यात ९८-९९ अंश दिसायला हवेत.

तापमान सुधारून केक केला. समासातली नोंद: ‘पट्टी गेली. खड्डा आहे, पण उथळ.’ म्हणजे एक रोग बरा झाला, दुसरा तिथेच.

नावाची वाटी

त्यानंतर पहिल्यांदा मी वजनकाटा काढला. दोन वाट्या मैदा: १५६ ग्रॅम. दोन वाट्या पिठीसाखर: १५० च्या आसपास. लोणी: १४०. आणि चार अंडी, कवचाशिवाय: १९६ ग्रॅम.

हे आकडे एकाखाली एक लिहिले आणि खटकलं. या जातीचे जुने केक सरळ समान वजनाचे असतात: जितकी अंडी, तितकाच मैदा, तितकीच साखर, तितकंच किंवा थोडं कमी लोणी. इथे अंडीच सगळ्यांवर चढली होती. आणि दोन चमचे पावडर १५६ ग्रॅम मैद्याला, म्हणजे हवी त्याच्या दीडपटीकडे झुकलेली.

आई सातारला असते. तिला फोन केला.

“आई, वहीतलं प्रमाण चुकलंय का गं केकचं?”

“प्रमाण कसं चुकेल? तुमचे सगळे वाढदिवस त्याच केकवर झालेत.”

“मग दोन वाट्या मैदा दीडशे ग्रॅमच कसा भरतोय?”

“ते ग्रॅम मला विचारू नकोस. वाटी कुठली घेतेस?”

“आपलीच. रोजची, आमटीची.”

“आमटीची? अगं, केकला ती नावाची वाटी घ्यायची. मावशीनं आहेरात दिलेली.”

नाव घातलेली ती स्टीलची वाटी. काठाखाली आईबाबांची नावं आणि लग्नाची तारीख टोचून लिहिलेली. मला ती चांगली आठवत होती, फक्त ती माप आहे हे कधी कळलंच नव्हतं. सातारच्या घरातली भांडी वाटली गेली तेव्हा ती दादाकडे नाशिकला गेली होती. वहिनींना फोन लावला.

“अहो ताई, ती होय! ती तांदळाच्या डब्यात असते आमच्या, मापाला. पाठवू का?”

“नको नको, तिथेच राहू दे. फक्त तिच्यात किती पाणी मावतं ते मोजून सांगाल?”

वहिनींकडे वजनकाटा नव्हता. त्यांनी खोकल्याच्या औषधाचं दहा मिलीचं टोपण घेतलं आणि मोजायला बसल्या. तासाभरानं निरोप आला: “वीस टोपणं, आणि वर थोडंसं.”

म्हणजे २०० मिली. माझी आमटीची वाटी पाणी भरून काट्यावर ठेवली, ती निघाली १५०.

आता सगळं जुळलं. नावाच्या वाटीनं दोन वाट्या मैदा म्हणजे २०८ ग्रॅम, पिठीसाखर २००, लोणी १८५ च्या आसपास, आणि अंडी १९६. समान वजनाचाच केक. पावडरही अगदी बेताची. आईनं आयुष्यात वजनकाट्याला हात न लावता बरोबर प्रमाण सांभाळलं होतं, कारण वाटी बदलली नव्हती.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण हाच या सगळ्या प्रकाराचा गाभा आहे. पाककृतीतलं सगळं जर वाटीनंच मोजलेलं असेल तर वाटी कुठलीही चालते. शिरा, बेसनाची वडी, थालीपीठ यांत म्हणूनच कधी अडत नाही: लहान वाटी घेतली तर पदार्थ कमी होतो, इतकंच. केकमध्ये मात्र काही गोष्टी वाटीनं असतात आणि काही नगावर किंवा चमच्यानं: अंडी, बेकिंग पावडर, कंडेन्स्ड मिल्कचा डबा, आणि हो, केकचं भांडं. वाटी आकसली की वाटीतलं सगळं आकसतं, अंडी आणि पावडर तिथल्या तिथे राहतात. आणि केक बसतो. उलट, वाटी मोठी झाली तर केक बसत नाही, घट्ट आणि कोरडा होतो, वर चिरतो.

तुमची मूळ वाटी हरवली असेल, किंवा जिची वही तीच आता नसेल, तर अंड्यांवरून मागे जाता येतं. वहीत लिहिलेली अंडी फोडून वजन करा. साध्या लोण्याच्या केकमध्ये मैद्याचं वजन त्याच्या आसपास असायला हवं. ते वजन वहीतल्या वाट्यांच्या संख्येनं भागलं की एका वाटीत किती ग्रॅम मावत असणार ते कळतं. मैदा चाळून, चमच्यानं हलक्या हातानं भरून, वरून सुरीनं सपाट केला तर १०० मिलीला साधारण ५० ते ५२ ग्रॅम भरतो. वाटी थेट डब्यात खुपसून भरली तर पाचव्या हिश्श्यानं सहज जास्त. एकाच घरात सासूचा केक हलका आणि सुनेचा घट्ट होतो त्यामागे बहुतेकदा एवढंच असतं. त्यावरून झालेली भांडणं मी पाहिली आहेत.

आठवणीतली एक गोष्ट. दिवाळीआधी आई मैदा, पिठीसाखर, डालडा घेऊन बेकरीत नानकटाई करून आणायला जायची, मी पिशवी धरायला. बायका आपापल्या डब्यातून वाट्यांनी मोजून आणायच्या आणि भट्टीवाला ते सगळं पुन्हा काट्यावर घालायचा. बायकांना राग यायचा, ‘आमच्यावर विश्वास नाही का?’ म्हणून. तो मान खाली घालून तोलत राहायचा.

पुस्तकं बदलली की मापं बदलतात

वही सुटली तरी पुस्तकांचं प्रकरण राहतंच. माझ्या फळीवर कमलाबाई ओगले यांची ‘रुचिरा’ आहे, १९७० सालची घराघरातली पाहुणी, वाटी-चमच्याची भाषा बोलणारी. शेजारी अमेरिकेतून आलेलं एक पुस्तक, एक जुनं इंग्लंडचं, आणि मेलबर्नच्या मावसबहिणीनं दिलेलं एक. चौघांना एका ओट्यावर आणलं की घोळ होतो.

अमेरिकन पुस्तकं कपाची. बॉस्टनच्या फॅनी फार्मर बाईंनी १८९६ साली आपल्या पुस्तकात सपाट भरलेल्या कप-चमच्यांचा आग्रह धरला आणि तिकडे तीच रीत रुजली. त्यांचा कप साधारण २४० मिलीचा. आपला चहाचा कप नव्हे, तो १५० पासून काहीही असू शकतो. ऑस्ट्रेलियाचा कप २५० मिली, हा फरक किरकोळ. पण त्यांचा मोठा चमचा २० मिलीचा, बाकी जगाचा १५ चा. मावसबहिणीच्या पुस्तकातला कोकोचा केक मला कित्येक दिवस फिका लागत होता तो त्यामुळे.

इंग्लंडच्या पुस्तकांत दोन सापळे आहेत. एक, अंडी. तिथलं ‘मोठं’ अंडं कवचासकट ६३ ते ७३ ग्रॅमचं. आपल्या दुकानातलं पन्नाशीच्या घरातलं. त्यांची चार म्हणजे आपली जवळजवळ पाच. दुसरा, ‘सेल्फ रेझिंग’ पीठ. त्यात बेकिंग पावडर आधीच मिसळलेली असते. नुसता मैदा घातला तर केक फुगणारच नाही. १५० ग्रॅम मैद्याला २ चहाचे चमचे पावडर घालून दोन-तीनदा चाळलं की काम होतं. जुन्या प्रतींत तापमानाऐवजी ‘गॅस मार्क ४’ असं लिहिलेलं असतं, ते १८० अंश सेल्सिअस धरा. अमेरिकनांचे ३५० फॅरनहाइट म्हणजेही तेच, १७७. पंख्याचा ओव्हन किंवा मायक्रोवेव्हचं कन्व्हेक्शन असेल तर त्यातून वीस अंश कमी करा.

लोण्याच्या बाबतीत आपल्याकडे गुंता जास्त आहे. पिवळ्या पाकिटातलं बटर खारं, त्यात साधारण ८० टक्के स्निग्धांश आणि १६ टक्क्यांपर्यंत पाणी. घरच्या लोण्यात ताक नीट धुऊन निघालं नसेल तर पाणी त्याहून जास्त, आणि ते पाणी केक बसवायला हातभार लावतं. तुपात पाणी जवळजवळ नाहीच. म्हणून १०० ग्रॅम बटरऐवजी तूप घालायचं तर ८० ग्रॅम पुरे, वर दीड-दोन चमचे दूध. वाटीला वाटी तूप घातलं की केक तेलकट. मे महिन्यात लोणी बाहेर काढून तासभर ठेवू नका, दहा मिनिटांत ते फेसायजोगं मऊ होतं. वितळलेलं लोणी हवा धरत नाही.

कंडेन्स्ड मिल्कच्या डब्याचा बाऊ करतात लोक. जुन्या पाककृतींत ४०० ग्रॅमचा डबा असतो, माझ्या कपाटात आत्ता ३८० चा आहे. वीस ग्रॅमनं केक बसत नाही, दुसरं कारण शोधा. बिनअंड्याच्या केकमध्ये दही आणि सोडा एकत्र आले की त्याच क्षणी वायू सुटायला लागतो. ते मिश्रण तयार करून मग ओव्हन लावायचा, असं केलंत तर निम्मा दम ओट्यावरच संपतो. ओव्हन आधी तापवा, शेवटचं ढवळणं सगळ्यात शेवटी.

भांड्याचा हिशेब थोडक्यात. सात इंची गोल भांड्याचं क्षेत्रफळ ३८ चौरस इंच, आठ इंचीचं ५०. दिसायला एक इंच, मिश्रणाच्या जाडीत जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याचा फरक. भांडं दोन-तृतीयांशापेक्षा जास्त भरू नका. पाचगणी-महाबळेश्वरला राहणाऱ्यांनी मात्र पावडर थोडी कमीच घालावी. १,३०० मीटरवर हवेचा दाब कमी, बुडबुडे जास्त ताणतात. माझी डेन्व्हरची भाची तर १,६०० मीटरवर आहे, तिनं चमच्यामागे पाव भाग कमी केला तेव्हा कुठे तिचा केक उभा राहिला. पुण्याच्या साडेपाचशे मीटरला असलं काही करायची गरज नाही, ती सबब इथे चालणार नाही.

एका वेळी एकच

माझी सगळ्यात महागातली चूक म्हणजे तिसऱ्या आणि चौथ्या केकला मी पावडर, भांडं आणि वेळ तिन्ही एकदम बदलले. एक केक चांगला झाला. कशामुळे, ते आजतागायत माहीत नाही. पुढचा पुन्हा बसला. त्यानंतर एका केकला एकच बदल आणि त्याची समासात नोंद, असा नियम केला. रोज केक खायला घरात माणसं नसतील तर अर्ध्या मापाचा, दोन अंड्यांचा, साडेपाच-सहा इंची भांड्यात करा. तपासायला तेवढा पुरतो.

क्रम मी सांगेन तो असा. आधी थर्मामीटर लावून ओव्हन बघा, कारण ते बिघडलेलं असेल तर बाकी सगळी तपासणी वाया. मग सगळं वजन करून अंड्यांशी ताडून बघा. मग पावडर मापाच्या चमच्यानं. भांडं, लोणी, ढवळणं वगैरे त्यानंतर. बहुतेकांचं उत्तर पहिल्या दोनांतच मिळतं.

बाराव्या केकपासून मी वजनावर करते आणि तो बसलेला नाही. आईच्या पानाखाली पेन्सिलीनं आता हे लिहिलंय:

मैदा २०० ग्रॅम, पिठीसाखर २००, लोणी किंवा बटर १८०, अंडी कवचाशिवाय २०० (आपली चार, हलकी असली तर वर चमचाभर दूध), बेकिंग पावडर ५ मिलीचे सपाट दोन चमचे, व्हॅनिला एक चमचा. बटर खारं असेल तर वेगळं मीठ नाही. भांडं आठ इंची गोल, तळाला कागद. आतलं खरं तापमान १७५ ते १८०, ३५ ते ४० मिनिटं. लोणी-साखर पांढरट होईपर्यंत फेसायची, अंडी एकेक करून, प्रत्येक अंड्याबरोबर चमचाभर मैदा, म्हणजे फाटत नाही. उरलेला मैदा उलथण्यानं, ढवळणी बंद करून. बाहेर काढल्यावर दहा मिनिटं भांड्यातच, मग जाळीवर.

मागच्या महिन्यात आई आली होती तेव्हा तिनं ते वाचलं, चष्मा वर केला आणि त्याच्याखाली पेनानं भर घातली: ‘जायफळ चिमूटभर. हे वाटीत नव्हतं, हातात होतं.’